गुण आला का?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३७, पणजीला सरकारी नोकरी, रोजचा कदंब बसचा प्रवास. गेली सहा वर्षं त्या गावातल्या मंडळाच्या चिटणीस आहेत. दर जूनमध्ये साठेक मुलांना वह्यावाटप, दर रविवारी सकाळी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, वाचनवर्ग (एकीने गोष्ट वाचायची, मुलांनी ऐकायची, मग चित्रं आणि खाऊ), शिवाय वृक्षारोपण, आरोग्य शिबिर, वक्तृत्व स्पर्धा असे वर्षाला बारा कार्यक्रम. जानेवारीत त्या डायरीत उद्दिष्टं लिहितात, डिसेंबरात त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा करतात. गेल्या वर्षी बाराच्या बारा खुणा झाल्या.

मग जत्रेच्या संध्याकाळी एक गोष्ट घडली. देवळाबाहेर रात्रीच्या नाटकाचा बोर्ड लावला होता. चार वर्षं वह्या घेतलेली, वाचनवर्गाच्या हजेरीचं पहिलं बक्षीस मिळालेली पाचवीतली एक मुलगी त्याच्यासमोर उभी होती. तिने विचारलं, "ताई, आज खंयचें नाटक?" ताई गमतीने म्हणाल्या, "वाच की." मुलगी हसली. पहिलं अक्षर ओळखलं, दुसऱ्यापाशी अडली आणि ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या घरी कन्नड बोलतात.

ताईंनी हे बेंगळुरूच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "तुझे वर्षाचे वीस हजार जिथे हिशेबाने सर्वांत जास्त जीव वाचतात तिथे पाठव. बाकी सगळं आपल्या समाधानासाठी असतं." सासूबाई म्हणाल्या, "आपण करत राहायचं, फळाकडे बघायचं नाही." ताई विचारतात, सहा वर्षं वाया गेली का? सगळं सोडून नुसते पैसे पाठवू का? आणि उद्दिष्ट 'इफेक्टिव्ह' आहे हे ओळखायचं तरी कसं?

ताई,

मी लहान असताना आमच्या वाड्यावर एक वैद्य यायचे. पुड्या बांधून द्यायचे, पैशाचं फारसं मनावर घ्यायचे नाहीत. चार दिवसांनी पाणंदीत गाठ पडली की विचारायचे, "काय, गुण आला?" नाही म्हटलं तर रागवायचे नाहीत. तिथेच उभ्या उभ्या जीभ बघायचे आणि पुडी बदलायचे.

'इफेक्टिव्ह'ला परिणामकारक म्हणतात, प्रभावीही म्हणतात. पण प्रभावी असतो तो वक्ता, आणि परिणामकारक हा अहवालातला शब्द. घरात आपण 'गुण येणं' म्हणतो आणि तोच शब्द मला इथे बरा वाटतो, कारण गुण आला की नाही हे वैद्याला स्वतःच्या वहीत बघून कळत नाही. रोग्याला विचारावं लागतं. गंमत अशी की परीक्षेत मिळतात त्यांनाही आपण गुणच म्हणतो. तुमच्या डायरीतल्या बारा खुणा हे तुम्हाला मिळालेले गुण होते. नाटकाच्या बोर्डासमोर तुम्ही सहा वर्षांत पहिल्यांदा दुसरा प्रश्न विचारलात, तोही चुकून.

यात लाज वाटून घेऊ नका. माझी गोष्ट तुमच्यापेक्षा वाईट आहे. ज्या हायस्कुलात मी शिकवत होते तिथे दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की गेटवर बॅनर लागायचा. तो निकाल कसा लागायचा ते सांगते. नववीची वार्षिक परीक्षा झाली की आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये यादी घेऊन बसायचो आणि पुढे 'जड जातील' अशी पाच-सात नावं बाजूला काढायचो. मग पालकांना बोलावून समजवायचं, यंदा नववीतच राहू दे, नाहीतर बाहेरून फॉर्म भरा. नावांवर पट्टी ठेवून लाल रेघ ओढायचं काम माझ्याकडे असायचं, माझा हात सरळ म्हणून. निकाल शंभर टक्के. शिकवण्यात तसूभर फरक नाही. त्या रेघांखालचा एक मुलगा पुढे मला मासळी बाजारात भेटला. "टीचर, बऱ्या आसात मगो?" म्हणून हसला, बांगडे निवडून दिले, दोन जास्तच घातले. मला त्याच्याकडे धड बघवेना.

आम्ही कोणी दुष्ट नव्हतो. निकालाचा आकडा आणि मुलांचं शिकणं ही एकच गोष्ट आहे असं आम्ही कधीतरी धरून चाललो आणि मग आकड्याचीच सेवा करत राहिलो. हा रोग फार जुना आहे. फ्रेंचांच्या अमलाखालच्या हनोई शहरात १९०२ साली प्लेगच्या भीतीने उंदीर मारायला बक्षीस लावलं होतं. मेलेला उंदीर कुठे आणत बसणार, म्हणून पुरावा म्हणून शेपूट आणायचं ठरलं. शेपट्या ढिगाने येऊ लागल्या. पुढे अधिकाऱ्यांना रस्त्यात बिनशेपटीचे उंदीर धावताना दिसले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याला आणखी पिल्लं होतील. शहराबाहेर उंदीर पाळल्याचंही उघडकीला आलं.

तुमच्या मंडळात कोणी शेपट्या कापल्या नाहीत. वह्या खरंच वाटल्या, वर्ग खरंच भरले, ती मुलगी खरंच दर रविवारी आली. म्हणून तर हे ओळखायला इतका वेळ लागला.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. गावातल्या मुलांची अडचण वह्यांची आहे हे कोणी ठरवलं? माझा अंदाज असा की पहिल्या वर्षी कुणा देणगीदाराने वह्यांचे गठ्ठे पाठवले, वाटपाला पंच आले, फोटो निघाला, आणि दुसऱ्या वर्षापासून ती रीत झाली. सहा वर्षांत एकदा तरी त्या मुलीच्या आईला कोणी विचारलं का, की हिचं कुठे अडतंय?

केनियाच्या ग्रामीण शाळांत १९९०च्या दशकात असंच एक काम झालं. मुलांकडे पाठ्यपुस्तकं नाहीत, ती दिली की मुलं शिकतील, हे इतकं उघड वाटत होतं की कोणी शंका घेतली नसती. पण काही अर्थतज्ज्ञांनी ते तपासलं. त्यांच्यातल्या मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं. काही शाळांना पुस्तकं दिली, तशाच दुसऱ्या शाळांना त्या वेळी दिली नाहीत, आणि दोन्हीकडचे निकाल ताडून पाहिले. सरासरी हललीच नाही. फायदा झाला तो आधीपासून वर्गात पुढे असलेल्या मुलांना. कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि त्यातल्या पुष्कळ मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा.

तिसरी भाषा! तुमची ती मुलगी घरी कन्नड, अंगणात कोंकणी आणि शाळेत मराठी अशा तीन घरांत राहते. तिला कोरी वही देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला टॉवेल देणं. आणि रविवारच्या वर्गात तिला वाचावं लागतच नाही. तुम्ही वाचता, ती ऐकते. मन लावून ऐकत असणार, नाहीतर इतक्या वर्षांत हजेरीचं बक्षीस मिळालं नसतं. वर्गाचं नाव वाचनवर्ग आहे, पण वाचतं कोण? तुम्हीच.

दुसरा प्रश्न याहून नावडता आहे. तुम्ही काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? वक्तृत्व स्पर्धेत पहिली येणारी मुलगी शिक्षकांच्या घरची असेल तर ती तुमच्याशिवायही बोलायला शिकलीच असती. दुकानदाराच्या मुलाला वह्या मिळाल्याच असत्या. या मुलांना तुम्ही दिलंत ते चांगलंच आहे, पण तिथे तुमच्यावाचून काही अडलं नव्हतं. साठ नावांच्या यादीतून अशी नावं वजा केली तर किती उरतील? दहा? बारा? तुमचं खरं गाव तेवढं आहे, आणि बारा मुलांचं गाव एका माणसाला झेपतं.

करायचं काय, ते आता सांगते. येत्या रविवारी गोष्ट वाचू नका. एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहा: सुटी अक्षरं, सोपे दोन अक्षरी शब्द, पहिलीच्या पुस्तकात शोभेल असा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. एकेका मुलाला कोपऱ्यात घेऊन पाच मिनिटं ऐका. दुरुस्त करू नका, शाबासकीही देऊ नका, फक्त ऐका आणि मूल कुठे थांबलं ते लिहून ठेवा. ही माझी युक्ती नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने निघणाऱ्या 'असर' अहवालासाठी २००५पासून देशभरच्या खेड्यांत मुलांचं वाचन जवळपास अशाच कागदाने तपासतात, आणि पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो असं त्यात पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणजे तुमची मुलगी जगावेगळी नाही. ती बोर्डासमोर सापडली एवढंच.

मग मुलांचे गट इयत्तेप्रमाणे नको, थांबल्या जागेप्रमाणे करा. पाचवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा अक्षरांपाशी अडले असतील तर दोघं एका चटईवर बसतील. मोठ्या मुलीला हे लागेल, तेव्हा तिच्याकडे खडूंचा डबा सोपवा, छोट्यांना अक्षर गिरवून दाखवायचं काम द्या. गटांना अ, ब, क म्हणू नका, आंबा, काजू, फणस म्हणा. मुलांना तेही कळतंच, फक्त जरा उशिरा. 'प्रथम'ने वर्षानुवर्षं हेच केलं, रोज थोडा वेळ, पातळीप्रमाणे गट, आणि ते बऱ्याच ठिकाणी तपासून गुण आलेला उपाय आहे.

यातला 'रोज' हा शब्द तुम्हाला टोचेल. अक्षरांच्या पायरीवरच्या मुलाला आठवड्यातून एकदा शिकवलं तर पुढच्या रविवारपर्यंत निम्मं पुसलेलं असतं. निदान चार संध्याकाळी, पाऊण-पाऊण तास लागेल. तुम्ही पणजीहून पोहोचता तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते, मला माहीत आहे. म्हणून हे काम तुम्ही करायचंच नाही. वाड्यावर बारावी होऊन घरी बसलेली एखादी मुलगी असेल. तिला महिन्याला दीड हजार मानधन द्या. वर्षाचे अठरा हजार झाले. तुमच्या वीस हजारांतले दोन हजार उरतात, त्यात गोष्टींची पुस्तकं आणि खडू. ज्या दहा-बारा मुलांना खरोखर वह्या लागतात त्यांच्यासाठी मंडळात वर्गणी काढा, तेवढी निघते.

आणि बारा कार्यक्रमांपैकी दोन ठेवा, बाकी सोडा. वृक्षारोपणाचंच बघा. गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती रोपं जगली? यंदा त्याच खड्ड्यांत लावणार असाल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

वह्यांबद्दल मात्र एक पुस्ती जोडायला हवी, नाहीतर तुम्ही त्या रागाने एकदम बंद कराल. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या संस्थेसोबत डफ्लो, बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या लसीकरणाचा अभ्यास केला. लस सरकारी केंद्रात फुकट होती. तरी काहीच वेगळं न केलेल्या गावांत जेमतेम ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. नेमलेल्या दिवशी गावातच, न चुकता शिबिर भरवलं तिथे ते १८ टक्क्यांवर गेलं. शिबिर अधिक प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की ताटं, असं केलं तिथे ३९ टक्के. डाळीने गोवर बरा होत नाही. पण आजचा रोज बुडवून बाळाला घेऊन जायला आईला आजचं एक कारण लागतं, आणि लसीचा फायदा तर पुढे कधीतरी, तोही न दिसणारा. तशी तुमची वही शिकवत नाही, पण संध्याकाळी अग्रशाळेत यायचं कारण ती होऊ शकते. सगळ्या एकदम जूनमध्ये वाटण्याऐवजी एक भरली की दुसरी, असं करून पाहा. फक्त हनोई विसरू नका. 'भरली' म्हणजे काय ते आधी ठरवा, नाहीतर आठवड्यात दोनशे पानांवर गिरगोट्या येतील.

पुढचं सांगायला मला खाजनात उतरावं लागेल. माझं माहेर झुवारीकाठचं. तुमच्या तालुक्यालाही नदीकाठ आहे, तेव्हा मानस तुम्ही पाहिली असेल, पण दुरूनच. नदीच्या खाऱ्या पाण्याला अडवायला मातीचा बांध, त्याच्या आत भाताची शेती, ते खाजन, आणि बांधात बसवलेली लाकडी दारं म्हणजे मानस. दाराची बिजागरं वरच्या अंगाला असतात आणि ते नदीच्या बाजूला उघडतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी दाराला बाहेर ढकलतं, शेतातलं जास्तीचं पाणी निघून जातं. भरती आली की नदीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणूस उभा राहो वा न राहो, दिवसातून दोन भरत्या, दोन सुकत्या, दार आपलं चालू. लहानपणी आम्ही बांधावर पालथं पडून बघायचो. बंद होताना ते आपटत नाही, आधी थरथरतं, फटीतून पाण्याचं एक पातं आत येतं, आणि मग ते चेपून बसतं. त्या आवाजाला आजी 'दार जेवलं' म्हणायची.

ज्याने हे पहिल्यांदा बसवलं त्याला पाणी कुठल्या बाजूने कधी ढकलतं हे ठाऊक होतं, म्हणून त्याने जोर लावायचं काम पाण्यावरच सोपवलं. तुमचा वर्ग ज्या वेळी, ज्या जागी मुलं आपसूक असतात तिथे भरला तर त्यांना गोळा करण्यात निम्मा जीव जाणार नाही. ती मुलं संध्याकाळी कुठे असतात? आया कामावरून येईपर्यंत देवळाच्या पटांगणात खेळत असतील तर पाणी तुमच्याच बाजूने ढकलतंय.

पण मानशीची दुसरीही गोष्ट आहे. सुकतीला दारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जाळं लावून मासळी धरतात आणि त्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणीचा पैसा बांधाच्या डागडुजीला यावा अशी कल्पना. पुढे बऱ्याच ठिकाणी मासळीला भाव आला, बोली चढली, आणि पावणी घेणाऱ्याला आत जास्त पाणी, जास्त मासळी हवी झाली. मग भरतीलाही दार उघडं ठेवायचं. पावणीचा आकडा वहीत दरवर्षी वाढलेला दिसतो आणि आत शेतात मीठ चढत जातं. कोरगुटासारखं खारं सोसणारं भातसुद्धा एका मर्यादेपर्यंतच सोसतं. आमच्या माहेरच्या खाजनात आता काही तुकड्यांवर नुसतं पाणी आणि खारफुटी आहे. तिथल्या बैठकीत कोणी खोटा हिशेब दिल्याचं मला आठवत नाही. पावणीचे पैसे खरे होते. भात किती पिकलं हे विचारणारा रकाना तेवढा वहीत नव्हता.

तुमच्या डायरीत तो रकाना घाला. 'वाचनवर्ग घेतले: ४८' याच्या शेजारी 'जूनमध्ये अक्षरांवर होती, आता उतारा वाचते: किती जणी'. आकडा छोटा येईल. तीन येईल कदाचित. मंडळाच्या सर्वसाधारण सभेत तीन हा आकडा वाचताना घसा कोरडा पडेल, त्याची तयारी ठेवा.

आता भाऊ. त्याला झटकून टाकू नका, त्याचं निम्मं बरोबर आहे. दिलेल्या पैशातून कुठे किती फरक पडतो हे पुराव्याने तपासणाऱ्या संस्था आहेत. 'गिव्हवेल' २००७पासून हेच करते आणि तिच्या यादीत मलेरियाच्या मच्छरदाण्यांसारखी अगदी साधी, न मिरवणारी कामं वर असतात. मच्छरदाणीचा फोटो कोणी फ्रेम करत नाही, तरी जीव वाचतात. ज्याच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही त्याने तिथे जरूर द्यावा, भावानेसुद्धा. त्याने दिलेत का, हे एकदा प्रेमाने विचारा. पण तुमच्या वीस हजारांशी जोडून तुम्ही जे देता ते त्याच्या हिशेबात बसत नाही. तुम्हाला तो वाडा माहीत आहे, ती आई तुम्हाला दार उघडते, देवस्थानची मंडळी तुमच्या शब्दाखातर अग्रशाळा देतात. हे मनीऑर्डरने पाठवता येत नाही आणि तुम्ही सोडलंत तर दुसऱ्या कुणाला आपोआप मिळतही नाही. उलट भावाला सांगा, त्या बारावीच्या मुलीचं मानधन त्याने उचलावं आणि दर तीन महिन्यांनी तुमच्याकडे हिशेब मागावा, त्याच्या नेहमीच्या खडूसपणाने. असा एक माणूस प्रत्येक मंडळाला लागतो.

सासूबाईंचं म्हणणं मला जास्त विचार करायला लावून गेलं. फळाकडे बघू नये हे खरं, पण कुणाच्या फळाकडे? माझं नाव होईल, सत्कार होईल, मुलगी मोठी होऊन माझे पाय धरेल, त्याकडे बघू नका. मुलीला वाचता आलं का याकडे बघायलाच हवं. पेरणी करून घरी जाऊन झोपणाऱ्याला आपण निष्काम म्हणत नाही, आळशी म्हणतो. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा. घरात तुमच्या तोंडून नको.

सहा वर्षं वाया गेली का? काही गेली. वह्यांचे पैसे बरेचसे गेले, बऱ्याच रविवार सकाळी गेल्या. पण ती मुलगी बोर्डासमोर अडली तेव्हा तिने तुम्हाला विचारलं. मैत्रिणीला विचारून वेळ मारून नेता आली असती. वाचता न येणारी मुलं हे लपवण्यात फार तरबेज असतात, माझ्या वर्गात आठवीपर्यंत लपवलेली पाहिली आहेत. हिने लपवलं नाही. एवढा विश्वास नव्या शिक्षिकेला कमवायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तो तुमच्या खात्यात जमा आहे, आता खर्च करा.

याच आठवड्यात म्हापशाच्या एका काकांचंही पत्र आलंय. रोज दहा हजार पावलं होतात, घड्याळ टाळ्या वाजवतं, पण साखर उतरत नाही, असं ते म्हणतात. काकांचा आणि तुमचा प्रश्न एकच आहे. ते दहा हजार कुठल्या डॉक्टराने मोजून ठरवलेले नव्हते, १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातूनच ते आले, 'दहा हजार पावलांचा मीटर' असा त्या नावाचा अर्थ. चालणं चांगलंच, काका. पण गुण आला का ते घड्याळाला नका विचारू, रक्त तपासून डॉक्टरांना विचारा, आणि चालून आल्यावर पोदेराकडचे किती पाव बसतात तेही त्यांना खरं सांगा.

ताई, तुमच्यासाठी आणखी दोनच गोष्टी. पहिली, आताच, काम सुरू व्हायच्या आधी एक तारीख ठरवा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, धामधुमीत कोणी शिकत नाही, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला रविवार घ्या. त्या दिवशी तोच कागद पुन्हा काढा, तीच पाच-पाच मिनिटं. निम्मी मुलंसुद्धा एक पायरी वर सरकली नसतील तर पुडी बदलायची. वेळ बदला, शिकवणारी बदला, कन्नड येणारी एखादी आई मदतीला घ्या. हे आज डायरीत लिहून ठेवलंत तर बरं, कारण त्या रविवारी तुम्हाला शंभर सबबी सुचतील. मला सुचायच्या.

दुसरी, अग्रशाळेची किल्ली. माझा अंदाज, ती सध्या तुमच्याच पर्समध्ये असते आणि तुमची बस चुकली की वर्ग चुकतो. देवस्थानला विचारून दुसरी करून घ्या. एक त्या बारावीच्या मुलीकडे राहू दे. आणि खडूंच्या डब्याबरोबर पाचवीतलीकडे एक काम आणखी द्या, बाहेरच्या फळीवर रोजच्या गोष्टीचं नाव खडूने लिहायचं. पहिले काही दिवस ती तुमच्या कागदावरून बघून उतरवेल. उतरवू दे.